शेताची राखण आणि न पुसता येणारी वही

रुई, सरकी, डाळी, धान्य आणि किराणा या व्यापारांत असलेल्या आमच्या सभासद बंधूंच्या पेढ्यांवर अलीकडे एका नव्या धर्तीचा प्रस्ताव येऊ लागला आहे. 'तुमच्याकडे माल आणणारे शेतकरी जमिनीची राखण करतात, रासायनिक खते टाळतात, बांधावर झाडे जगवितात. त्या राखणीचे मोल आम्ही संगणकाच्या साखळीवर नोंदवू, ती नोंद परदेशी कंपन्यांस विकू आणि शेतकऱ्यास मोबदला देऊ. तुम्ही फक्त शेतकऱ्यांची नावे आणि वजनाच्या चिठ्ठ्या द्याव्यात,' असा त्याचा मथितार्थ असतो. प्रस्ताव ऐकावयास गोड आहे. मात्र त्यातील 'ब्लॉकचेन' हा शब्द कोणास सट्ट्याचा वाटतो, तर कोणास चमत्काराचा. आमच्या मते ती एक वही आहे, आणि वही म्हणजे काय हे व्यापाऱ्यास दुसऱ्याने शिकविण्याची गरज नाही. यास्तव या वहीची घडण कशी आहे, शेताच्या राखणीचा मोबदला चुकता करण्याच्या कामी ती कोठवर उपयोगी पडते आणि तिचे सामर्थ्य कोठे संपते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचे योजिले आहे.

आपल्या वडिलांच्या काळच्या लाल बांधणीच्या वह्या ज्यांनी हाताळल्या असतील त्यांस तीन गोष्टी आठवतील. पाने शिवलेली असत. मधले पान काढले तर शिवण बोलत असे. लिहिलेली रक्कम खोडावयाची नसे. चूक झाल्यास दुसऱ्या तारखेस उलट नोंद करावयाची. आणि प्रत्येक पानाच्या शेवटची बेरीज पुढील पानाच्या डोक्यावर आणलेली असे, त्यामुळे मागचा एक आकडा कोणी बदलला तर पुढची सारी पाने खोटी पडत. साखळीवहीत याच तीन गोष्टी संगणकाच्या गणिताने साधल्या आहेत. तिच्या प्रत्येक पानावरील मजकुरातून एका ठराविक रीतीने एक लांबलचक आकडा काढतात. त्यास आपण त्या पानाचा ठसा म्हणू. मजकुरात एका स्वल्पविरामाचा फरक पडला तरी ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो, आणि ठशावरून मजकूर उलट काढता येत नाही. पुढील पानाचा आरंभ मागील पानाच्या ठशाने होतो. मागील पानावरून आणलेली रक्कम ती हीच, असे म्हणावयास हरकत नाही.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेतील स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा या दोन संशोधकांनी १९९१ साली कागदपत्रांवर खोटी तारीख घालता येऊ नये म्हणून ठशांच्या साखळीची युक्ती मांडली. १९९५ पासून तर अशा ठशांचा एकत्रित आकडा 'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्राच्या जाहिरातींच्या स्तंभात दर आठवड्यास छापला जाऊ लागला. वृत्तपत्राच्या लाखो प्रती घरोघर गेल्यावर तो आकडा कोण बदलणार? पुढे २००८ साली सातोशी नाकामोतो या नावाने एक निबंध प्रसिद्ध झाला. हे नाव खरे की टोपण, हे अद्याप उघड झालेले नाही. वृत्तपत्राच्या प्रतींचे काम वहीच्याच हजारो प्रतींकडून करून घेण्याची तोड त्या निबंधात होती, आणि ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइन या चलनाच्या वहीचे पहिले पान लिहिले गेले. आपली वही पेढीवरच्या पेटीत असते. ही वही एकाच वेळी हजारो ठिकाणी असते आणि सर्व प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. एका मुनिमास फितवून तिच्यात फेरफार होत नाही.

आता पुढचे पान लिहिण्याचा मान कोणाला, हा प्रश्न उरतो. बिटकॉइनमध्ये तो मान एका निरर्थक कोड्याचे उत्तर प्रथम शोधणाऱ्या संगणकास मिळतो, आणि त्या शर्यतीपायी एखाद्या मध्यम आकाराच्या देशाइतकी वीज खर्ची पडते. शेताची राखण नोंदविण्यासाठी अशी वही वापरणे म्हणजे उंदीर मारण्यासाठी घर पेटविण्यासारखे होईल. सुदैवाने दुसरा मार्ग आहे. २०१५ साली सुरू झालेल्या इथीरियम नावाच्या वहीने सप्टेंबर २०२२ मध्ये ही शर्यत बंद केली. पान लिहू इच्छिणाऱ्याने अनामत ठेवावी आणि खोटे लिहिल्यास ती जप्त व्हावी, असा नियम तिने केला. तिचा विजेचा खर्च सुमारे ९९.९५ टक्क्यांनी उतरला. तेव्हा प्रस्ताव घेऊन येणाऱ्या गृहस्थास पहिला प्रश्न हाच विचारावा, की तुमची वही कोड्यावर चालते की अनामतीवर? ही अनामतीची कल्पना वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

वहीत ज्या गोष्टीची मालकी नोंदविली जाते तिला टोकन म्हणतात. आपल्या भाषेत ती हुंडी होय. माल एके जागी, कागद दुसरीकडे, आणि कागद हातोहात फिरतो. एक टन कर्बवायू हवेत जाण्यापासून रोखला वा हवेतून काढला, की त्याबद्दल एक 'कार्बन क्रेडिट' मिळते. त्यास आपण कर्बपत्र म्हणू. ज्या कंपनीस आपल्या धुराची भरपाई दाखवावयाची असते ती हे पत्र विकत घेऊन कायमचे रद्द करून घेते. हुंडी सकारून तिचे पैसे चुकते झाले की ती खोखा होते आणि बाजारातून उठते, तसाच हा प्रकार. एकाच टनाचे पत्र दोघांस विकले जाऊ नये, हा या व्यापाराचा प्राण आहे, आणि एकच गोष्ट दोनदा विकू न देणे हा तर साखळीवहीचा मुख्य गुण. दोघांची सोयरीक जुळावी असे अनेकांस वाटले यात नवल नाही.

परंतु २०२१ साली जे घडले ते हुंडीचा व्यवहार जाणणाऱ्यास अचंबित करणारे आहे. कर्बपत्रांची नोंदणी ठेवणारी व्हेरा ही अमेरिकेतील मोठी संस्था. त्या वर्षाच्या ऑक्टोबरात टूकन नावाच्या मंडळींनी असा पूल बांधला की, व्हेराच्या दप्तरी पत्र रद्द करावयाचे आणि त्या रद्द पत्राच्या आधारे साखळीवर एक नवे टोकन काढावयाचे, जे पुढे विकत-घेत राहता येईल. म्हणजे खोखा झालेल्या हुंडीवर नवा कागद लिहून तो बाजारात फिरवावयाचा! क्लिमाडाओ या दुसऱ्या मंडळीने अशी टोकने साठविण्यास आरंभ केला. दोन कोटींच्या घरात टनांची पत्रे या पुलावरून गेली. कार्बनप्लॅन या संशोधन संस्थेने २०२२ साली त्यांची छाननी केली, तेव्हा त्यांतील पुष्कळशी अनेक वर्षांपूर्वीची, गिऱ्हाइकाविना पडून राहिलेली पत्रे असल्याचे आढळले. क्लिमाच्या एका नाण्याचा भाव ऑक्टोबर २०२१ मध्ये तीन हजार डॉलरांच्या वर होता. पुढील वर्षाच्या मध्यावर तो दहा डॉलरांच्याही खाली आला. मे २०२२ मध्ये व्हेराने रद्द पत्रांवर टोकने काढण्यास मनाई केली. या सर्व काळात साखळीवहीतील एकही नोंद पुसली गेली नाही की बदलली नाही. वही बिनचूक होती. गोदामातला माल कसला होता हे तिला ठाऊक नव्हते, कारण ते तिला कोणी विचारलेच नव्हते.

हीच गोष्ट आपल्या अंगणात घडलेल्या प्रकाराने अधिक स्पष्ट होईल. खरगोन, बडवानी, खंडवा हा निमाडचा टापू सेंद्रिय कापसासाठी जगाच्या बाजारात नाव राखून आहे, आणि सेंद्रिय कापूस पिकविणाऱ्या प्रांतांत मध्यप्रदेशाचे स्थान वरचे आहे. भारत सरकारचा सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००१ पासून चालू आहे. लहान शेतकऱ्यास एकट्याने प्रमाणपत्र घेणे परवडत नाही म्हणून २५ ते ५०० शेतकऱ्यांचा गट करून त्या गटास प्रमाणपत्र देण्याची सोय त्यात आहे. गटाचेच निरीक्षक प्रत्येक शेत पाहतात आणि बाहेरची प्रमाणन संस्था त्यांतील काही शेते निवडून पडताळते. माल हातांतरित होताना त्याबरोबर व्यवहार-प्रमाणपत्र जाते. ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक सेंद्रिय वस्त्र मानक, ज्यास व्यापारात 'गॉट्स' म्हणतात, त्या संस्थेने जाहीर केले की भारतातील सुमारे २०,००० टन कापूस खोट्या व्यवहार-प्रमाणपत्रांवर सेंद्रिय म्हणून विकला गेला. खोटेपणाची रीत पाहण्यासारखी आहे. प्रमाणपत्रावर चौकोनी ठिपक्यांची क्यूआर खूण होती. ती मोबाईलने वाचली की सरकारी संकेतस्थळ उघडावे, ही अपेक्षा. भामट्यांनी त्या संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल उभी करून ठेविली होती, आणि खूण तेथे नेऊन सोडत होती. गिऱ्हाइकाने पडताळणी केली, पण ती चोराच्याच घरी जाऊन. अकरा कंपन्यांवर बंदी आली. परंतु त्या सावटाखाली निमाडातील खरा माल पिकविणारा शेतकरी आणि तो खरेपणाने विकत घेणारा व्यापारीही आला, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक आहे.

येथे साखळीवही असती तर काय झाले असते? नकली संकेतस्थळाची युक्ती चालली नसती, हे खास. पडताळणी करणाऱ्याकडे वहीची स्वतःची प्रत असती. तिच्यात त्या प्रमाणपत्राचा ठसा सापडला नसता आणि तेथेच प्रकरण उघडकीस आले असते. आणखीही एक लाभ झाला असता. शंभर क्विंटल कपाशी जिनिंगमध्ये घातली तर रुईचा उतारा साधारणतः तेहतीस ते छत्तीस क्विंटल पडतो, ही गोष्ट आमच्याकडील पोरसवदा गुमास्ताही सांगेल. वहीच्या नियमांतच हा उतारा घालून ठेवला, तर शंभर क्विंटलच्या आवकेवर पन्नास क्विंटल सेंद्रिय रुईची जावक लिहूच द्यावयाची नाही, असे वहीला बजावता येते. त्याचप्रमाणे गटाची नोंदलेली जमीन आणि त्या टापूतील एकरी उत्पन्न यांच्या गुणाकाराहून अधिक कपाशी त्या गटाच्या नावे जमा होणार नाही. बिनसेंद्रिय माल सेंद्रियात मिसळून वजन वाढविण्याचा जो सर्वांत सोपा मार्ग, तो यायोगे बराच अरुंद होतो. 

परंतु पहिलीच नोंद खोटी असेल तर? एखाद्या गावात सेंद्रिय शेती होतच नसताना त्या गावाच्या शेतकऱ्यांची नावे गटात घातली, उतारा बरोबर, एकरी उत्पन्न बरोबर, बेरजा बरोबर, तर साखळीवही ते असत्य जसेच्या तसे, अक्षय टिकवून ठेवील. कूटलेख आणि हीनाधिक मान हे व्यापारातले दोन निरनिराळे दोष आपल्या आचारशास्त्राने फार पूर्वी वेगवेगळे गणले आहेत. साखळीवही पहिल्याचा बंदोबस्त करते, तोही नोंद झाल्यानंतरच्या कूटलेखाचा. दुसऱ्याचा बंदोबस्त काट्याशी उभे राहूनच करावा लागतो.

काट्याशी उभे राहण्याचा हा प्रश्न कापसापेक्षा कर्बाच्या बाबतीत कितीतरी बिकट आहे. तो समजण्यासाठी थोडा हिशेब करू. एक एकर जमिनीची वरची तीस सेंटिमीटर माती घेतली तर ती सुमारे १,५८० टन भरते. आमच्या उष्ण मुलखातील शेतजमिनीत सेंद्रिय कर्बाचे प्रमाण पुष्कळदा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. शेणखत, हिरवळीची खते, पालापाचोळा न जाळणे, नांगरट कमी करणे या उपायांनी काही वर्षांत ते ०.५ वरून ०.६ टक्क्यांवर नेले असे समजा. म्हणजे एकरी १.५८ टन कर्ब वाढला. कर्बाचा प्राणवायूशी संयोग होऊन कर्बवायू बनतो तेव्हा वजन ३.६७ पट होते; म्हणून ही वाढ सुमारे ५.८ टन कर्बवायूच्या बरोबरीची. टनास १५ डॉलर भाव आणि डॉलरला ९० रुपये धरले तर एकरी ७,८०० रुपये झाले. या कामास पाच वर्षे लागली असल्यास वर्षाकाठी एकरी दीड हजार रुपये, आणि त्यातूनच मातीचे नमुने, प्रयोगशाळा, पडताळणी, नोंदणी आणि दलाली यांचा खर्च भागवावयाचा! २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे आपल्या देशात सरासरी जमीनधारणा १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरांच्या आत आहे. शेतकऱ्याच्या पदरात काय पडेल, याचा अंदाज वाचकांनीच बांधावा.

शिवाय ही ०.१ टक्क्याची वाढ मोजावयाची कशी? एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांतील मातीत याहून अधिक तफावत असते. बैल बांधण्याच्या जागेजवळचा नमुना घेतला तर शेत श्रीमंत, ओहोळाच्या काठचा घेतला तर दरिद्री. पावसाळा चांगला झाला की मुळे व पाला वाढून कर्ब वर जातो, अवर्षणात खाली येतो. त्यात शेतकऱ्याचे कर्तृत्व किती आणि मेघराजाचे किती? याचे ठळक उदाहरण ऑस्ट्रेलियात घडले. साखळीवहीवर पर्यावरणाच्या नोंदी ठेवण्यासाठी २०१७ साली स्थापन झालेल्या रीजेन नेटवर्क या संस्थेमार्फत न्यू साउथ वेल्समधील गुरांच्या कुरणांवर साठलेल्या कर्बाची ४०,००० टनांहून अधिक पत्रे मायक्रोसॉफ्ट कंपनीने घेतली, असे २०२१ च्या प्रारंभी जाहीर झाले. गुरांस आळीपाळीने चारून कुरणास विश्रांती देण्याची त्यांची पद्धत खरोखर चांगली आहे. पण त्याच वर्षी तेथील काही मृदाशास्त्रज्ञांनी जाहीर आक्षेप घेतला की, इतक्या थोड्या काळात एवढी कर्बवाढ आजवरच्या अभ्यासांशी जुळत नाही आणि ती फुगलेली असण्याचा संभव आहे. वाद सर्वस्वी मातीचा होता. वहीविषयी कोणाचीच तक्रार नव्हती.

या ठिकाणी व्यापाऱ्याच्या नजरेस एक गोष्ट यावयास हवी, जी संगणकतज्ज्ञांच्या ध्यानात सहसा येत नाही. बाजारातले वजन खरे का उतरते? काट्याच्या एका अंगास वजन जास्त भरावे असे वाटणारा शेतकरी असतो आणि दुसऱ्या अंगास ते कमी भरावे असे वाटणारा खरेदीदार. दोघांचे डोळे एकाच काट्यावर खिळलेले असतात. सरकारचा वजनमाप निरीक्षक तिसरा. कर्बपत्राच्या व्यापारात ही झोंबाझोंबी नाही. विकणाऱ्यास टन जास्त हवेत, कारण पैसे जास्त मिळतात; घेणाऱ्यासही जास्तच हवेत, कारण तेवढ्याच पैशात मोठा आकडा अहवालात छापता येतो; मध्यस्थाची दलाली टनांवर; आणि तपासनिसाची फी बहुधा विकणाराच देतो. कमी भरावे असे वाटणारा कोणीच काट्याशी उभा नाही. ज्या सौद्यात उभय पक्षांस माप मोठे हवे असते, त्यातील माप मोठेच निघते, मग ते कोणत्याही वहीत लिहा.

यावरून आमचा निष्कर्ष असा की, राखणीचा मोबदला शक्य तोवर हवेच्या टनाशी न जोडता तोलल्या जाणाऱ्या मालाशी जोडावा. सेंद्रिय वा राखणीने पिकविलेल्या कपाशीस क्विंटलमागे अमुक रुपये जादा, आणि ते रुपये शेतकऱ्यास पोहोचल्याची नोंद त्याच वहीत. वजनापुरते तरी काट्याशी दोन विरुद्ध हितसंबंध उभे राहतात. दुसरा एक लाभ न्यायाचा आहे. अमेरिकेतील मेरीलंड राज्यातल्या एका शेतकऱ्यास नोरी नावाच्या बाजाराने सुमारे ८,००० टनांबद्दल १,१५,००० डॉलर दिले, तेव्हा टीका झाली की हा मनुष्य तर कितीतरी वर्षांपासून नांगरट टाळून आच्छादनपिके घेत आहे. मग पैशाने नवीन काय घडले? कर्बपत्राच्या शास्त्राप्रमाणे टीका रास्त आहे, कारण ते पत्र बदलाचे पैसे देते. पण त्याचा परिणाम असा होतो की, तीस वर्षे जमीन जपणाऱ्यास शून्य आणि कालपर्यंत ती नासवून आज सुधारणाऱ्यास बक्षीस! मालावरचा जादा दर मात्र जुन्या व नव्या राखणदारास सारखाच मिळतो. नोरीचा बाजार, जाता जाता सांगावयाचे तर, २०२४ साली बंद झाला.

अर्थात् मालाचे वजन खरे उतरले म्हणून तो सेंद्रिय ठरत नाही. कपाशी घेणारा जिनिंगवालाही जादा दराने पुढे विकणार असल्याने त्यास प्रमाणपत्र हवेच असते. खोटेपणाची खरी झळ दूरच्या कापड गिरणीस आणि गिऱ्हाइकास लागते. म्हणून साक्षीदार हवा, आणि येथे ती अनामतीची कल्पना उपयोगी पडते. शेत पाहून 'येथे सेंद्रिय पद्धत चालू आहे' अशी नोंद करणाऱ्या निरीक्षकाने काही रक्कम वहीत अडकवून ठेवावी. कोणत्या निरीक्षकाने कोणते शेत पाहावयाचे हे विकणाऱ्याने ठरवू नये. वहीने चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवावे. त्याच्या नोंदींपैकी काही दुसऱ्याने अचानक पुन्हा पाहाव्यात, आणि नोंद खोटी ठरल्यास अनामत जाऊन ती उघडकीस आणणाऱ्यास त्यातील वाटा मिळावा. निरीक्षकाची फी जादा दराच्या सामाईक खात्यातून जावी, विकणाऱ्याच्या खिशातून नव्हे. कपाशीत निषिद्ध बीटी वाणाचा अंश आहे की नाही हे प्रयोगशाळा सांगू शकते. त्या अहवालाचा ठसाही वहीत घालता येतो. २०१८-१९ मध्ये काही परदेशी वस्त्रकंपन्यांनी सेंद्रिय कापसावर असा एक प्रयोग केला, ज्यात जिनिंगच्या वेळी रुईत न दिसणारी खूण मिसळून पुढे कापडात ती शोधली आणि साखळीवहीतील नोंदीशी ताडली. वहीतील गाठ आणि गोदामातील गाठ एकच, हे सिद्ध करण्याचा तो मार्ग. खर्चाचा आहे, पण दिशा योग्य आहे.

कोणत्या कामाचा मोबदला द्यावयाचा हेही विचाराने ठरवावे. भारत सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये हरित श्रेय कार्यक्रमाचे नियम काढले. त्यातील वृक्षारोपणाच्या २०२४ च्या पद्धतीत लागवडीनंतर दोन वर्षांनी झाडामागे एक श्रेय द्यावयाचे होते. ऑगस्ट २०२५ मध्ये ते बदलून पाच वर्षांनंतर, जगलेल्या झाडांवर आणि वृक्षछत्राच्या प्रमाणावर श्रेय देण्याचे ठरले. खड्डा खणण्याचे पैसे आणि झाड जगविण्याचे पैसे यांत किती अंतर आहे हे त्यावरून दिसते. शेतीतही जी गोष्ट तिऱ्हाइताच्या डोळ्यांस दिसते तिचाच मोबदला आपोआप चुकता करणे सुरक्षित. धसकटे पेटविली की उपग्रहास ती आग बहुधा दिसते. उन्हाळ्यात शेतावर हिरवे आच्छादन आहे की नाही हेही दिसते. पाऊस किती पडला हे शेतकरी आणि विमाकंपनी दोघांच्याही हातात नाही. म्हणूनच केनियात पावसाच्या मापावर आपोआप पैसे चुकते करणारे साखळीवहीचे विमे चालविता आले आणि मोबाईलवर रक्कम पोहोचली. मातीतील कर्ब मात्र आकाशातून नीट मोजता येत नाही. जो कोणी तसे सांगेल त्याच्याकडे थोड्या साशंकतेने पाहावे.

मोबदल्याच्या नाण्याविषयी आमचे मत ठाम आहे. शेतकऱ्यास टोकन देऊ नये, रुपये द्यावेत. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून अशा आभासी मत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर बसला, तोटा वजा करून घेण्याची सोय नाही आणि हस्तांतरावर १ टक्का उगमकर. शिवाय क्लिमाचे उदाहरण वर दिलेच आहे. भावाची जोखीम पेलण्याची ज्याची ऐपत सर्वांत कमी, त्याच्याच गळ्यात ती बांधणे व्यापारनीतीस धरून नाही. टोकन पाहिजे तर कंपन्यांच्या आपसातील हिशेबापुरते फिरो. बटाईने शेत करणाऱ्याचाही विचार व्हावा. सातबारा वा खसऱ्यावर नाव मालकाचे, आणि शेणखत वाहून नेणारे खांदे दुसऱ्याचे. वहीत केवळ खातेदाराचे नाव असेल तर मोबदला शहरात राहणाऱ्या मालकाच्या खात्यात जाईल. गटाच्या बैठकीत वाटणी ठरवून तीच नोंदविणे एवढा एकच उपाय आम्हास दिसतो. आणखी असे की, शेतकऱ्याचे नाव, क्षेत्र आणि उत्पन्न उघड वहीत घालू नये. न पुसता येणाऱ्या जागी लिहिलेली खासगी गोष्ट मागे घेता येत नाही. मूळ कागद गटाच्या कपाटात आणि वहीत फक्त त्याचा ठसा, एवढे पुरे.

राहता राहिला आपल्या पेढीचा भाग. प्रस्तावक वजनाच्या चिठ्ठ्या मागतात, त्या कशासाठी हे आता उघड झाले असेल. साऱ्या साखळीत दोन विरुद्ध हितसंबंधांच्या समक्ष निर्माण होणारा कागद बहुधा तोच एक आहे. तो मोलाचा आहे, आणि तो देताना सभासदांनी अटी घालाव्यात. शेतकऱ्याची संमती लेखी असावी. चिठ्ठी कशासाठी वापरली जाणार आणि त्याच मालावर दुसरीकडे कर्बपत्रे विकली जाणार आहेत काय, याचा खुलासा असावा. विक्रीच्या दर शंभर रुपयांतून शेतकऱ्यास किती, हा आकडा करारात असावा. तो सांगण्यास जो कचरेल त्याच्याशी बोलणे तेथेच थांबवावे. संघाने स्वतः काही करावयाचे मनात आणल्यास एका जिनिंगपुरता, एका हंगामापुरता आणि एकाच शेतकरीगटापुरता प्रयोग पुरेसा होईल. त्यास परदेशी नाणे लागणार नाही. आवक, उतारा, जावक आणि शेतकऱ्यास दिलेला जादा दर या चार नोंदींचे ठसे दररोज संध्याकाळी बांधून त्यांची प्रत गट, जिनिंग, गिरणी आणि संघ या चौघांकडे राहिली तरी काम भागेल. निमाडात नव्या कपाशीची आवक दसऱ्याच्या सुमारास वाढते. तत्पूर्वी काट्यांची फेरतपासणी करून वजनमाप खात्याचे शिक्के घेऊन ठेवावे लागतील, आणि गटाच्या निरीक्षकांनी पावसाळ्यातच, पीक उभे असताना, शेते पाहून घेतलेली असावी लागतील.